अर्धी वाटी सांबार

मोहर्ली रोड,
४ जानेवारी २०२४, गुरुवार

चि. दिव्यानीस मामाचे आशीर्वाद.

सात टेबलं आणि चौदा बाकं, बाभळीची, एकही डुगडुगत नाई. तीन तोंडांची चूल, वारुळाच्या मातीची, दर दिवाळीत फोडून नवी. बांबूचं छप्पर, बांबू वनखात्याच्या डेपोतला, पावती ठेवली आहे. रस्त्यावरचा बोर्ड, अक्षरं माझी, ‘भोजनालय’मधला ‘ज’ तीनदा पुसून चौथ्यांदा जमला. मसाल्याच्या पाट्याला टाकीचे घाव मीच मारतो. आणि स्टीलच्या पाइपाचे तुकडे कापून, खालून बूड बसवून केलेली पाच मापं: मीठ, तिखट, हळद, धनेपूड, तेल. डाग देण्याचं काम तेवढं बाबूभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात झालं, पण मशीन त्याची होती आणि हात माझा होता.

हे सगळं मी केलं. शिकवायला कोणी नव्हतं. सातवीत शाळा सुटली, पुढचं मसाल्याच्या पाकिटांवर आणि रद्दीतल्या पेपरात वाचलं. बावीस वर्षं झाली, इथून जिप्सीत बसून वाघ पाहायला जाणारे लोक येताना माझ्याकडे जेवतात. वाघ दिसला नाई तरी जेवतात.

आता तुझा लेख. तुझ्या आईनं, निशाबाईनं, सिंदेवाहीहून एसटीच्या कंडक्टरजवळ वांग्याच्या पिशवीत पाठवला. तिला वाटलं, भावाला आनंद होईल. ‘माझी लाडकी साखळी-हॉटेलं.’ पुण्याच्या पेपरात, रविवारी, अर्धं पान, तुझ्या फोटोसकट. एकाच नावाची पन्नास हॉटेलं तुले आवडतात, सगळीकडे चव सारखी, थंडगार हवा, कोणी ‘लग्न कधी’ विचारत नाई. ठीक आहे, आवडू दे. पण शेवटून दुसरा परिच्छेद मी पाठ केला आहे: ‘याउलट माझ्या एका नातेवाइकांचं जंगलात हॉटेल आहे. तिथे मीठ त्यांच्या मूडवर असतं.’

तू नाव लिहिलं नाई. त्यापेक्षा लिहिलं असतं तर बरं. तुझा नातेवाईक, जंगल, हॉटेल. सिंदेवाहीपासून चंद्रपूरपर्यंत हे कोणाले समजायचं राहिलं? बाबूभाईनं तो परिच्छेद माझ्या टेबलावर बसून, माझा चहा पीत, पाच गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचला. तेव्हापासून रोज येते आणि पहिला घास घेऊन म्हणते, “भैयाजी, आज मूड अच्छा है. नमक बरोबर है.”

माझं मीठ मापानं असते. मापावर रेघ आहे. रेघ मी कानसेनं काढली आहे. मूडवर तुझा लेख आहे.

मोबाइलवर हे लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून पळाली असती. कागदाले उत्तर द्यावं लागते. म्हणून कागद.

तुझा मामा,
भैयाजी गुरनुले

*

पुणे,
१६ जानेवारी २०२४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. इथे कुणाला हाताने लिहिलेलं पत्र येत नाही, त्यामुळे शिपायाने ते कोर्टाची नोटीस समजून माझ्या हातात दिलं. वाचल्यावर मला वाटलं, त्याचं फारसं चुकलं नाही.

मामा, चुकलं. तो विनोद होता आणि विनोदासाठी मी तुमचं मीठ वापरलं. पण बाकी लेख मी मागे घेणार नाही. मी ‘पंगतनामा’ या हॉटेल-साखळीच्या मेनू विभागात काम करते, आईने सांगितलं असेलच. आमच्या चौदा शाखा आहेत, आणि मला खरोखरच अशा जागा आवडतात. का, ते लेखात लिहिलं नाही, तुम्हाला सांगते. पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हा एक-दीड महिना मी फक्त अशाच ठिकाणी जेवले. भिंतीवर चित्रं असतात. चित्रावर बोट ठेवलं की झालं. बोलावं लागत नाही.

तुम्ही आयुष्यात एकदाही अशा हॉटेलात पाय ठेवलेला नाही, आणि न खाता नावं ठेवणारं गिऱ्हाईक तुम्हीच हाकलून देता. तेव्हा तीन ठिकाणी जेवा आणि मग रागवा.

आणि मापांचं म्हणाल, तर पातोडीची कृती मापांसकट लिहून पाठवा. पाहू मूड आहे की माप.

मामींना नमस्कार.

तुमची,
दिव्यानी

*

मोहर्ली रोड,
११ फेब्रुवारी २०२४, रविवार

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

जेवलो. तिन्ही ठिकाणी. बाबूभाईच्या मोटारसायकलवर दोनदा चंद्रपूरले आणि एकदा त्याच्या मेव्हण्याच्या गाडीत नागपूरले. घड्याळ, वही आणि दोरी सोबत होती. नावं लिहीत नाई, कोणाच्या धंद्यावर पाय द्यायचा नाई. तुझ्यासारखा मी पेपरवाला नाई.

पहिलं पिझ्झ्याचं. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं, भैयाजी लक्ष्मण गुरनुले. तिनं मशीनीत काय दाबलं देवाले ठाऊक, अठरा मिनिटांनी सगळ्या हॉटेलात पुकारा झाला, “मिस्टर बायजी.” बाबूभाई अजून मले त्याच नावानं हाका मारून राह्यला. पिझ्झा म्हणजे जाड भाकर, मध्ये मऊ आणि कडेले कोरडी. कड खाऊन पाहिली, दोघांनी मिळून पाऊण. तिखटाच्या पुड्या मात्र मागितल्या तेवढ्या देतात, बारा आणल्या. एकीतही तिखट नव्हतं, मिरचीचं बी होतं.

दुसरं कॉफीचं. तिथे खुर्ची इतकी खोल की बसलेला माणूस उठायले दुसरा माणूस लागते. मी उठताना बाबूभाईले हात मागितला, त्याले उठवायले मॅनेजर आला. कॉफीवर फेसाचं पान काढून देतात. पान चांगलं होतं, आठ शिरा, मोजल्या. ज्यानं काढलं त्याचा हात चांगला आहे हे मी त्याले तोंडावर सांगितलं. कॉफी कोमट.

तिसरं डोशाचं, नागपूरले. डोसा बावीस इंच, दोरीनं मोजला. पोटात काही नव्हतं. सोबत वाटीत पातळ डाळ देतात, ती तीनदा मागून प्यालो, चौथ्यांदा वाढप्यानं तोंड फिरवलं. माझ्या इथे दहा वेळा रस्सा मागा.

चव सगळीकडे सारखी असते हे तुझं म्हणणं खरं निघालं. सगळीकडे सारखंच काही लागत नाई. एवढं करूनही एक चांगली गोष्ट लिहितो, कारण खोटं लिहायची सवय नाई: मोरी स्वच्छ असते. त्या दिवसापासून माझी मी दिवसातून चारदा पाहून राह्यलो.

पण तुझं ते चित्राचं मले पटलं नाई. बोट दाखवून जेवण मागायले तू मुकी आहे का? सिंदेवाहीच्या शाळेत भाषणाचं पहिलं बक्षीस तुले मिळालं होतं. जेवण तोंडानं मागायचं असते, म्हणजे वाढणाऱ्याले समजते की माणूस किती उपाशी आहे.

आता कृती. सोबत वेगळ्या कागदावर आहे, पण मुख्य ते इथेही लिहितो, कागद हरवला म्हणू नको. चार ताटांची पातोडी. बेसन दोन वाट्या, पाणी त्याच्या दीडपट, उकळी आल्यावर एका हातानं पेरत जायचं, दुसरा हात थांबला की गाठी. तेलाचा हात लावलेल्या ताटात थापायचं, करंगळीच्या जाडीचं, सुरीनं शंकरपाळ्यासारखं कापायचं. रस्स्याले कांदा चुलीत भाजलेला, सुकं खोबरं, खसखस, लसण, भिवापुरी मिरची. रस्स्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पातोडी सोडायची नाई, फुटते. ताटात पातोडी, तीवर रस्सा, आणि शेवटी एका ताटाले अर्धी वाटी सांबार वरून. ताजा पाहिजे, कालचा नाई. शिजवायचा नाई, तसाच टाकायचा.

यात मूड कुठी आहे ते दाखव.

मामा

*

पुणे,
२६ फेब्रुवारी २०२४

ती. मामांना नमस्कार.

थोडक्यात लिहिते, कामाची घाई आहे. तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. ‘मिस्टर बायजी’ला सगळे पोट धरून हसले. आमच्या मुख्य शेफनी कृतीचा कागद मागून घेतला, इतकी मापशुद्ध कृती घरगुती माणसाकडून कधी आली नाही म्हणाले. तुमचा विजय झाला असं समजा.

उन्हाळ्यात येणं होणार नाही. जूनमध्ये मात्र तुम्हाला एक गंमत कळेल. आता सांगत नाही.

दिव्यानी

*

मोहर्ली रोड,
९ जुलै २०२४, मंगळवार

दिव्यानी,

गंमत कळली.

पावसाळ्यासाठी जंगलाचं गेट एक तारखेपासून बंद. गिऱ्हाईक नाई म्हणून मामीला घेऊन रविवारी चंद्रपूरले गेलो. बाबूभाई सोबत होताच. म्हणे, “नागपूर रोडपे नया खुला है, आपकी भांजी की कंपनी.” मले अभिमान वाटला. हे लिहायले लाज वाटते, पण वाटला. नवा शर्ट घातला.

आत गेलो तर भिंतीवर चूल रंगवलेली. खरी चूल नाई, चित्र. आणि मेनूच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत: ‘मामांची सांबार पातोडी. थेट ताडोबाच्या जंगलातून.’ खाली फोटो. मी. मिशीवरून ओळखलं. तो तुमच्या घरच्या वास्तुशांतीतला आहे, बाजूला तुझी आई उभी होती, तिला कापून टाकलं, तिचा एक हात माझ्या खांद्यावर तेवढा राहिला.

मले कोणी विचारलं नाई. ते एक.

मग पातोडी आली. मी पहिल्यांदा समजलो की वाढणाऱ्याच्या हातून काही सांडलं. पातोडीवर, माझ्या रस्स्यावर, डोशासोबत देतात ती पातळ डाळ ओतलेली. तीत शेवग्याची शेंग. अर्धी वाटी, बरोबर अर्धी वाटी. पातोडी फुगून तळाशी बसलेली. मामीनं चमच्यानं शेंग वर उचलली आणि विचारलं, “अहो, हे काय होय?” मी म्हटलं, “हे मी होय.”

मॅनेजरले बोलावलं. म्हटलं, यात सांबार कुठी आहे? तो म्हणाला, “काका, हाच तर सांबार.” मी म्हटलं, ही डाळ आहे. तो म्हणाला, “काका, डाळीलाच सांबार म्हणतात.” बाजूच्या टेबलावर वरोऱ्याचं कुटुंब होतं. त्यांची म्हातारी इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. ती म्हणाली, “अजी, सांबार म्हणजे सांबार. पान. हिरवा. वावरातला.”

कोथिंबीर म्हणतात त्याले तुमच्या पुण्यात. हे मी तुले समजावून सांगत आहे. तुले, जिची आई परसात सांबाराचा वाफा लावते आणि जी लहानपणी त्या वाफ्यातून पोपट हाकलत होती.

त्यांच्या शेफले माहीत नसेल. त्याले माफ. पण कृती तुझ्या हातातून गेली. तू कुठी होती?

मी त्या डाळीचे पैसे दिले. ताट तसंच ठेवलं. मी माझ्या आयुष्यात ताटात अन्न टाकलं नव्हतं, ते तू मले टाकायले लावलं.

भैयाजी

*

पुणे,
२० जुलै २०२४

ती. मामांना,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. तुम्ही विचारलं, तू कुठे होतीस. मी तिथेच होते.

मार्चमध्ये चव घेण्याची बैठक होती. अकरा जण. शेफनी ताटं मांडली आणि प्रत्येकात डाळ ओतली. त्यांनी तुमचा कागद वाचला होता: ताजा, शिजवायचा नाही, तसाच टाकायचा. त्यांनी त्याचा अर्थ लावला होता की तयार, गरम सांबार वरून ओतायचं, पुन्हा उकळायचं नाही. ते खूश होते. म्हणाले, “जंगलातल्या माणसाने काय डोकं लावलंय, दक्षिण आणि विदर्भ एका ताटात.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पहिल्या ओघळापासून माहीत होतं. मी चमचा तोंडात घातला आणि म्हणाले, “छान.”

का, ते सांगते. पुण्यातल्या पहिल्या आठवड्यात हॉस्टेलच्या मुलींबरोबर भाजी आणायला गेले होते. भाजीवाल्याला म्हटलं, “भाऊ, दहा रुपयाचा सांबार द्या.” तो म्हणाला, “ताई, हॉटेल पलीकडच्या गल्लीत आहे.” मुली इतक्या हसल्या की त्यातली एक खाली बसली. पुढे दोन वर्षं माझं नाव ‘सांबार’ होतं. मेसच्या रांगेत, नोटीस बोर्डावर, वाढदिवसाच्या केकवर. म्हणून चित्रावर बोट ठेवून जेवायचे. तुम्ही विचारलं होतं ना, मुकी आहेस का. होते.

त्यानंतर मी तो शब्द उच्चारला नाही. ‘मला’, ‘तुला’ शिकले, आरशासमोर. अकरा जणांत हात वर करून ‘आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर’ म्हणायचं, म्हणजे पुन्हा ती रांग. एक ओळ होती मामा. मला ती बोलता आली नाही.

तुमचं नाव आणि फोटो मीच दिला. विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता. मला वाटलं, चौदा शाखांत मामा लागतील, तेव्हा राग जाईल.

आता आणखी एक. त्या वरोऱ्याच्या कुटुंबातल्या कुणीतरी व्हिडिओ टाकला आहे, ‘पातोडीची आंघोळ’. तो इथेही पोचला. ऑफिसात चूक कोणाची, ते शोधणं चालू आहे.

दिव्यानी

*

मोहर्ली रोड,
८ ऑगस्ट

बाई दिव्यानी,

मी भागीरथा, तुझी मामी. माझं अक्षर वाकडं आहे, समजून घेजो.

मामा लिहून नाई राह्यले. तुझं पत्र आलं त्या दिवशी वाचलं, खिशात ठेवलं, आणि सांबाराच्या वाफ्यात जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणते, निंदून राह्यलो. वाफ्यात एक तण नव्हतं. रागात आहेत, पण कोणावर ते त्यायले समजून नाई राह्यलं. काल त्या हॉस्टेलच्या पोरींची नावं मले विचारत होते. मले काय माहीत.

तुले एक सांगतो, मी सांगितलं म्हणू नको. त्या पिझ्झ्याच्या दुकानातले आलूचे लांब तुकडे त्यायले लई आवडले. आतापर्यंत चारदा बाबूभाईसंगं जाऊन आले. मले म्हणते, माप घेऊन राह्यलो.

तुझ्या कंपनीचा फोन आला होता. दोन लोक येणार म्हणे, काही कागद घेऊन. नावाचे पैसे देतात म्हणे. घर बसून राह्यलं बाई, मागची भिंत या पावसात गेली, म्हणून मले वाटते, घ्यावे. 

मामी

*

पुणे,
१९ ऑगस्ट २०२४

मामा,

काही करा, पण सही करू नका.

ते तुमच्याकडे येतील. आले असतील तर हे पत्र उशिरा पोचेल, म्हणून दोन दिवस फोन लावते आहे, तुमचा लागत नाही. कागद वकिलांनी केला आहे. नाव आणि फोटो पाच वर्षं वापरायची परवानगी, आणि सातव्या कलमात एक ओळ: ‘मूळ कृतीत वापरलेला शब्द चुकीचा असल्यामुळे गैरसमज झाला, हे कृतीकार मान्य करतात.’ त्या ओळीखाली तुमची सही झाली की चूक जंगलातल्या माणसाची, कंपनीची नाही. आणि माझीही नाही. मला तसं सांगितलं गेलं आहे, गोड शब्दांत. मामांनी सही केली की तुझं काही राहत नाही.

काल बैठकीत मी हात वर केला. अकराच जण होते, तेच. मी म्हटलं, शब्द चुकीचा नव्हता. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्या चार-पाच जिल्ह्यांत लहान पोरालेही माहीत आहे, आणि मार्चमध्ये ह्याच टेबलावर मले माहीत होतं. मी बोलली नाई, ती चूक माझी.

‘मले’ म्हणाले मी. लक्षात आलं तोपर्यंत तोंडातून गेलं होतं. कोणी हसलं नाही. मुख्य शेफनी फक्त पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “मग टोमॅटोला काय म्हणता?” मी सांगितलं, भेदरं. त्यांनी लिहून घेतलं.

मेनू विभागातून मले काढलं आहे. एक तारखेपासून कुठे बसायचं ते सांगतील. बसवतील तिथे बसीन.

तुमची,
दिव्यानी

*

मोहर्ली रोड,
२६ ऑगस्ट २०२४, सोमवार

चि. दिव्यानीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं १९ तारखेचं पत्र आज मिळालं. ते लोक १७ तारखेले, शनिवारी येऊन गेले. तेव्हा मी जे केलं ते तू सांगितलं म्हणून केलं नाई. तारखा पाहून घे.

आधी एक गोष्ट. मी माझ्या कृतीची नक्कल ठेवतो, ती काढून सतरा वेळा वाचली. शब्द चुकला नाई, पण एक शब्द राहिला. ‘चिरून’. ‘अर्धी वाटी सांबार बारीक चिरून’ असं लिहायचं होतं. ते असतं तर डाळ चिरायले कोणी बसलं नसतं. बावीस वर्षं मापाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाकडून तो शब्द राहिला, कारण अख्खा सांबार ताटात टाकणारा माणूस मी पाहिला नव्हता. हे मी मामीलेही सांगितलं नाई. तुले लिहून देतो. आता तुझ्या लेखातल्या मिठाचा विषय दोघांकडून बंद.

लोक दोन होते. एक चष्मेवाले साहेब, एक वकील बाई. पावसात भिजले होते, म्हणून आधी जेवायले बसवलं. गिऱ्हाईक तेवढेच. साहेबांनी पातोडी दोनदा घेतली, रस्सा तीनदा. ताट पुसून झाल्यावर विचारलं, “काका, वरून काय घातलंय? त्यानेच मजा आली.”

“सांबार.”

“म्हणजे कोथिंबीर.”

“नाई. सांबार.”

“एकच ना ते?”

“एकच आहे तर सांबार म्हणा.”

वकील बाई हसली. मग तिनं कागद काढला. बावीस पानं, इंग्रजी आणि मराठी. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायले बसलो. साहेब म्हणाले, “काका, एवढं वाचायची गरज नाही, इथे सही.” मी म्हटलं, तुम्ही पातोडी अर्ध्यात सोडली का? पावणेदोन तास लागले. त्यांना दोनदा चहा दिला. सातव्या कलमाशी बोट ठेवलं.

मी म्हटलं, ही ओळ बदला. ‘शब्द चुकीचा होता’ खोडा आणि लिहा, ‘चिरून हा शब्द लिहायचा राहिला होता.’ ते खरं आहे, त्याखाली मी आत्ता सही करतो, फोटोही घ्या, मिशी कोरून देतो. साहेब बाहेर गेले. इथे फोनची रेंज फक्त हातपंपाजवळ येते, तिथे छत्री धरून अर्धा तास पुण्याशी बोलले. परत आले आणि म्हणाले, मजकूर वरून मंजूर झालेला आहे, एक अक्षर बदलणार नाई. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, “काका, समजून घ्या. एका शब्दाचा प्रश्न आहे. तुमच्या भाचीच्या नोकरीचाही आहे.”

ते त्यांनी बोलायले नको होतं. मी तोपर्यंत हो-नाईच्या मध्ये होतो, खोटं काऊन सांगू. मागची भिंत पडली आहे, ताडपत्री लावून स्वैपाक करून राह्यलो. मामी चुलीजवळून पाहत होती. पण मी तुझं जुलैचं पत्र खिशातून काढलं, त्यांना दाखवलं नाई, फक्त हातात धरलं. दोन वर्षं एका पोरीले ज्या शब्दासाठी हसले, तो शब्द चुकीचा होता असं मी कागदावर लिहून द्यायचं. म्हणजे त्या हसणाऱ्या पोरी बरोबर होत्या. हॉस्टेलच्या रांगेवर मी सही करायची.

मी मामीकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांबार संपला, वाफ्यातून आणतो,” आणि उठून गेली. मी कागद बिनसहीचा परत दिला.

तू बैठकीत बोलली ते वाचलं. उशिरा बोलली. पाच महिने. मी अजून रागात आहे आणि दिवाळीपर्यंत राहीन, दिवाळीले ये, चूल फोडायची आहे. एक तारखेले ते जिथे बसवतील तिथून पत्ता कळव. आणि लेख लिहायचा असेल तर त्या आलूच्या लांब तुकड्यांवर लिही, बाकी कशात काही नाई. मामीनं तुले सांगितलं असणार, तिच्या तोंडावरून समजलं.

भिंत मी बांधून राह्यलो. चार फूट झाली. गवंडी लावला नाई.

त्या लोकांनी जाता जाता आकडा एका चिठ्ठीवर लिहून मिठाच्या मापाखाली ठेवला, विचार बदलला तर म्हणून. विचार बदलायचं काही नव्हतं. चिठ्ठी या पत्रासोबत पाठवतो, त्यांच्या कोणाले तरी परत दे. नाव, फोटो आणि सातव्या कलमाखालच्या एका सहीचे ते चार लाख ऐंशी हजार देत होते.

तुझा मामा,
भैयाजी लक्ष्मण गुरनुले